झिंक ऑक्साईडचे दोन हात

आमच्या घरात दुखणं कोणतंही असो, औषध एकच होतं. झिंक ऑक्साईड.

माझे वडील नाना उज्जैनला फ्रीगंजातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथले डॉक्टर बदलले, आमच्या डोक्यावरचं राज्य तर दोनदा बदललं (आधी ग्वाल्हेर संस्थान, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश), पण नानांची या पांढऱ्या पुडीवरची श्रद्धा तसूभर ढळली नाही. घामोळ्या आल्या? झिंक ऑक्साईड. शेजारच्या बाळाला लंगोट काचला? झिंक ऑक्साईड. आईची दाढ किडली तेव्हा नानांनी तीच पूड लवंगेच्या तेलात कालवून दाढेत अशी ठासून बसवली, की पुढे सगळे दात पडले तरी ती दाढ जागची हलली नाही! जवसाच्या तेलात खलून त्यांनी कपाटाला पांढरा रंग दिला. पाण्यात कालवून पंधरा ऑगस्टच्या परेडसाठी माझ्या भावाचे कॅनव्हासचे बूट पांढरे केले. दर रविवारी अंघोळ करून, सोवळ्यात असल्यासारखे बसून, ते मलमलीच्या फडक्यातून ती पूड चाळायचे आणि एका मोठ्या डब्यात भरून ठेवायचे.

"एवढ्या भक्तीनं कधी देवपूजा केली नाहीत," आई म्हणायची.

"देव घामोळ्यांवर चालत नाही," नाना म्हणायचे.

या डब्यावर नानांच्या खालोखाल हक्क होता माझ्या भावाचा, बंडूचा. बंडू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं, आणि भल्या घरच्या मुली तेव्हा रंगमंचावर जात नसत, म्हणून नायिकेचं काम बंडूकडे असायचं. आम्ही दोघं भावंडं रंगानं अगदी सारखी. म्हणजे तव्याच्या जवळची! पण बंडूनं त्या पुडीत चिमूटभर पिवडी आणि गेरू घालून चेहऱ्याला सफेदा लावला, डोक्यावर टोप चढवला आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो पुढे आला, की पहिल्या रांगेतल्या काकवा सुस्कारे टाकायच्या. आमच्या घरात सुंदर बाई अशी एकच होती, आणि तिला दाढी करावी लागत होती.

त्या वर्षीच्या नाटकानंतर देवास गेटच्या फोटोवाल्यानं बंडूचा नायिकेच्या वेषातला फोटो काढला. मान किंचित तिरकी, डोळे खाली, खांद्यावर पदर. तो फोटो इतका गोड आला की फोटोवाल्यानं एक प्रत दुकानाच्या काचेत लावली. पुढे महिन्याभरानं त्याच दुकानात, त्याच खुर्चीवर बसून माझाही फोटो निघाला. फोटोवाला मला सारखा म्हणत होता, "बाईजी, जरा उजाले में आइए." मी उजेडातच होते हो!

हा फोटो कशासाठी, ते सांगायलाच हवं. मला तोवर तीन ठिकाणांहून नकार आले होते. तिन्ही नकारांचं कारण एकच, आणि ते आरशात दिसत होतं. चौथं स्थळ होतं ग्वाल्हेरच्या माणसांचं. मुलगा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. भोपाळ नुकतीच राजधानी झाली होती, कचेऱ्याच्या कचेऱ्या तिकडे निघाल्या होत्या, आणि हा मुलगा तिथं सरकारी क्वार्टर्स बांधत होता. म्हणजे त्याला स्वतःला क्वार्टर मिळणार हे उघड होतं. फ्रीगंजातल्या सगळ्या लग्नाळू मुलींच्या आया तेव्हा भोपाळकडे तोंड करून बसल्या होत्या. मला हे लग्न हवं होतं. मनापासून हवं होतं. चौथा नकार घेऊन पोस्टमन दारात आला असता तर नानांनी नुसतं "बरं" म्हटलं असतं, आणि ते "बरं" ऐकायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

पत्रिका आणि बाकीचे कागद पाकिटात घालून नाना मला म्हणाले, "प्रमिला, तुझा फोटो यात घाल आणि डिंकानं नीट बंद कर."

टेबलाच्या खणात दोन फोटो होते. एक माझा, एक बंडूचा. मी दोन्ही बाहेर काढले, शेजारी शेजारी ठेवले. नाक तेच, डोळे तेच, हनुवटी तीच. मग फरक कशाचा? दोन चमचे झिंक ऑक्साईडचा! आणि झिंक ऑक्साईड तर आमच्या घरात डबाभर होतं. मग यात खोटं ते काय? (माणूस एकदा लबाडी करायला बसला की त्याची बुद्धी किती तल्लख चालते पाहा.) मी बंडूचा फोटो पाकिटात घातला, डिंक लावला आणि पाकीट नानांच्या हातात दिलं. नानांनी ते न उघडता पोस्टात टाकलं. माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्यांना तोवर काही कारणच पडलं नव्हतं.

आठवड्यानं उत्तर आलं. "फोटो पसंत आहे. वैशाखात मुलगी पाहायला येत आहोत."

आईनं देवापुढे साखर ठेवली. नानांनी तेच पत्र तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी चष्मा पुसला. मी मोरीत जाऊन दाराला कडी लावून घेतली. शेवटी बंडूला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, तो चिडेल.

"माझा फोटो पाठवलास?" बंडू म्हणाला. "कोणता? तिरका का समोरचा?"

"तिरका."

"मग पसंत होणारच ना यार! समोरच्यात माझं नाक जरा फुगलंय."

"बंडू, ते लोक येऊन राहिले आहेत! मला बघायला!"

"तू बिलकुल फिकर नको करू," बंडू म्हणाला. "मी आहे ना. तुला अशी सजवतो की फोटोवालाही चकरावेल."

आता इथं एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. बंडूची रंगभूषा होती पेट्रोमॅक्सच्या उजेडासाठी, आणि पाहणारा बसायचा पाचव्या रांगेत. आमच्या बाहेरच्या खोलीत दोन रांगासुद्धा बसल्या नसत्या. पण बंडूनं त्याचाही बंदोबस्त केला. खिडक्या बंद ठेवायच्या, पाहुण्यांना दाराजवळ बसवायचं, मी कपाटापाशी बसायचं, मान खाली. आई-नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "जरा पावडर लावून देतो तिला," एवढंच बंडूनं आईला सांगितलं.

ठरलेल्या दिवशी भोपाळची गाडी रोजच्यासारखी दोन तास लेट येईल या भरवशावर आम्ही आरामात बसलो. बंडूनं माझ्या चेहऱ्याला खोबरेल चोळलं आणि पुसून काढलं. मग सफेदा कालवायला घेतला.

"उन्हानं ओघळेल रे हे," मी म्हटलं.

"त्याचा इलाज केलाय. डिंकाचं पाणी घातलंय. आता भूकंप झाला तरी हलणार नाही."

पहिला हात झाला. आरशात पाहिलं तर मी राखाडी दिसत होते. बंडूनं फोटोची काचेतली प्रत मागून आणली होती, ती माझ्या गालाशी धरून तो म्हणाला, "अजून दोन शेड कमी आहे. हे वाळू दे, मग दुसरा हात देऊ." एवढ्यात बाहेर टांगा थांबला. जन्मात कधी वेळेवर न आलेली ती गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती!

"पाहुणे आले! प्रमिला, झालं का गं?" आईची हाक आली.

बंडूनं पहिला हात ओला असतानाच दुसरा थापला. घाईत पिवडी घालायची राहिली, गेरू राहिला. नुसतं शुद्ध, चाळलेलं, नानांच्या हातचं झिंक ऑक्साईड! मी चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग सहज हातांकडे पाहिलं. चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. बंडूनं उरलेला लगदा माझ्या दोन्ही हातांना फासला आणि मला दाराबाहेर ढकललं.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं, तर सगळीकडे लख्ख ऊन! "केवढं कोंडलंय, मेहमानांना गरमी होत असेल," म्हणून आईनं तिन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. नानांनी मुलाला आणि त्याच्या आईला अगत्यानं कपाटापाशीच बसवलं होतं. मधे अंतर उरलं चार फूट.

मला पाहून आईच्या हातातला पाण्याचा तांब्या जागच्या जागी थांबला. नाना उठून उभे राहिले. मुलाच्या आईनं, म्हणजे काकूंनी, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा शेजारच्या पांढऱ्या कपाटाकडे. दोघांचा रंग तंतोतंत एक होता, आणि डबाही एकच होता.

"बैस हो मुली," काकू सावरून म्हणाल्या. "नाव काय तुझं?"

तोवर डिंक वाळायला लागला होता. माझे ओठ जणू कुणी शिवून टाकले होते. ते न हलवता मी म्हटलं, "त्रनिला."

"काय?"

"त्रनिला."

"तिला जरा सर्दी आहे," आई म्हणाली.

"स्वयंपाक येतो ना?"

यावर हसून मान डोलवायची, असं आईनं शिकवलं होतं. मी हसले. आणि माझ्या उजव्या गालावर टर्रकन एक भेग पडली. मला ती दिसत नव्हती, पण समोरच्या सगळ्यांच्या नजरा एकदम माझ्या उजव्या गालावर गेल्या, त्यावरून कळलं. घाबरून मी तोंड सरळ केलं, तर डाव्या बाजूला दुसरी भेग पडली. मग हनुवटीवरून पैशाएवढा एक पोपडा सुटला आणि मुलाच्या पोह्यांच्या बशीत जाऊन पडला. दिसायला अगदी खवलेल्या खोबऱ्यासारखा!

मुलगा आतापर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. त्यानं तो पोपडा बोटावर घेतला, चुरडला आणि माझ्या गालाकडे बारकाईनं पाहिलं.

"पहिला हात वाळायच्या आत दुसरा दिला ना?" तो म्हणाला. "शिवाय डिंक जास्त झालाय. आमच्याकडचे पेंटरही घाईत हेच करतात."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण नानांच्या डोळ्यांत मात्र एकदम चमक आली. ते पुढे झाले, माझ्या कपाळावर बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं आणि पाहुण्यांना अभय दिलं. "झिंक ऑक्साईड आहे! काही घाबरू नका, एकदम शुद्ध. मी स्वतः चाळलंय!"

"नमस्कार कर, प्रमिला, नमस्कार कर!" आई घायकुतीला येऊन म्हणाली. तिला एवढंच कळत होतं की माझं तोंड खाली गेलं तर बरं. मी वाकले आणि काकूंच्या पायांवर डोकं टेकलं. उठले तेव्हा त्यांच्या जांभळ्या रेशमी साडीच्या काठावर माझं कपाळ उमटलेलं होतं, आणि दोन्ही पायांवर माझ्या दहा बोटांचे ठसे. ते पुसायला मी पदर लावला, तर पदराला आधीच लागलेला सफेदा वर पसरला.

काकूंनी पाय वर घेतले. मग शांतपणे त्यांनी पिशवी उघडली आणि तो फोटो बाहेर काढला. फोटो पाहायच्या, मला पाहायच्या, परत फोटो पाहायच्या. नेमक्या त्याच वेळी आई ओरडली, "अरे बंडू, ओलं फडकं आण!"

बंडूनं बाहेर येऊ नये, असं आमचं ठरलेलं होतं. पण आईची हाक! बंडू फडकं घेऊन आला, काकूंसमोर उभा राहिला, आणि इतक्या माणसांची नजर पडल्यावर सवयीनं त्याची मान किंचित तिरकी झाली, डोळे खाली गेले. काकूंनी फोटो उचलून त्याच्या चेहऱ्याशेजारी धरला.

आता खोटं बोलायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. मी ओठांवरचा तो थर बोटांनी ओरबाडून काढला आणि म्हटलं, "तो फोटो बंडूचा आहे. नाटकातला. पाकिटात मी घातला. आई-नानांना काहीच माहीत नव्हतं."

नाना हळूच खुर्चीवर बसले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाहुण्यांपुढे हात जोडले. "बावीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधतोय," ते म्हणाले. "एका रोग्याची पुडी दुसऱ्याला कधी गेली नाही माझ्या हातून. हे पाकीट गेलं. माफ करा." त्या जोडलेल्या हातांकडे मी पाहू शकले नाही. आजही ते हात आठवले की माझी मान आपोआप खाली जाते.

"तिला आधी तोंड धुऊ द्या," मुलगा म्हणाला. "गार पाण्यानं नाही निघणार. गरम पाणी घ्या, डिंक सुटेल."

मी अंगणातल्या नळापाशी गरम पाण्याची बादली घेऊन बसले. शेजारच्या भाभी भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "हाय राम! किसने लीप दिया तुझे?" मी काय सांगणार? रडत होते, घासत होते. कधी पाणी डोळ्यांतून येत होतं, कधी बादलीतून, आणि दोन्ही पांढरंच होतं.

स्वतःच्या रंगाची होऊन मी खोलीत परत आले तेव्हा कुणी निघून गेलं नव्हतं. काकू साडीचा काठ चोळत होत्या. मुलगा दुसऱ्या बशीतले पोहे खात होता.

"एक सांगू का," तो नानांना म्हणाला, "फोटो मला पसंत नव्हताच. आईला पसंत होता. मला ती मुलगी फार नटवी वाटली."

दारात उभ्या असलेल्या बंडूचा चेहरा पडला.

"मग आपण आलात कसे?" नानांनी विचारलं.

मुलानं खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्या काळी पत्रिकेबरोबर मुलीच्या अक्षराचा नमुना मागवायची पद्धत होती, तो हा कागद. त्यानं तो अलगद उलगडला. "मी आलो ते हे पाहून. काय वळण आहे! एक ओळ वाकडी नाही, एक काना कमी-जास्त नाही. मी तर माझ्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनला नेऊन दाखवलं. रंगाचं काय हो, तो वरून देता येतो, पाहिलंच आपण. पण अक्षरात माणूस खरा दिसतो. माझा होकार आहे. आई, तू बोल."

काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मला तर राग आला होता," त्या म्हणाल्या. "पण कबूल केलंस तोंडानं, कुणी न विचारता. ते आवडलं. चेहराही बरा आहे की! कशाला एवढं थापायचं ते?"

आईनं डोळ्यांना पदर लावला. नानांचे जोडलेले हात अजून तसेच होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. तोंड धुतलेलं होतं, ओठ मोकळे होते, आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी बंडूकडे पाहिलं. बंडूनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं छताकडे पाहिलं.

माझं अक्षर नानांच्या वळणावर गेलेलं आहे. ते फक्त कंपाउंडरला वाचता येतं. म्हणून आईनं तो नमुना, मंडळाच्या नाटकांचे फलक लिहिणाऱ्या माणसाकडून, म्हणजे बंडूकडून लिहवून घेतला होता.

मी गप्प बसले.

लग्नाला आता छत्तीस वर्षं झाली. भोपाळच्या घरात वाण्याची यादी मी तोंडी सांगते. सासूबाई ग्वाल्हेरला असत, तेव्हा त्यांना पत्र लिहायची वेळ आली की माझ्या उजव्या हाताच्या बोटाला हमखास काहीतरी कापायचं, आणि मी त्यावर झिंक ऑक्साईडची चिकटपट्टी गुंडाळून बसायची. हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "हिचं अक्षर पाहायला हवं होतं तुम्ही! पण बिचारीच्या बोटांना फार लागतं हो." तो कागद त्यांनी अजून कपाटात जपून ठेवलाय. इतक्या वर्षांत त्यांना खरं सांगायला माझी जीभ एकदाही रेटली नाही.

म्हणून शेवटी ठरवलं, सरळ लिहून मोकळं व्हायचं; छापून आलं की हे वाचतीलच. त्यासाठी चार दिवस बसून, बोटाला पट्टी न लावता, हा सगळा मजकूर मी स्वतःच्या हातानं लिहिला. आणि संपादकांना निदान वाचता यावा म्हणून, आजच्याच टपालानं उज्जैनला, नानाखेड्यात राहणाऱ्या बंडूकडे पाठवतेय. चांगल्या अक्षरात उतरवून द्यायला.